रंगवलेली शिडी

दादा शिडी कापायला निघाला होता आणि ताईला त्याची घाई पटत नव्हती.

सुट्टीचा दिवस, दुपारचे तीन. कारखान्यातली यंत्रं बंद, त्यामुळे एरवी कुणाच्या कानावरही न येणारं भिंतीवरचं घड्याळ आज मोठ्यानं चालत होतं. मधोमध दोन लाकडी घोड्यांवर ती सोळा पायऱ्यांची शिडी आडवी ठेवलेली. हिरवी. एकोणीस वर्षांची धूळ पुसून काढल्यावरही हिरवी ती हिरवीच. खालून अकरावी पायरी एका बाजूनं निखळून लोंबत होती, आणि तिथंच उजवा दांडा हातभर उभा फाटला होता.

या घरात शिडीला रंग देत नाहीत. तेल देतात. रंगाखाली तडा लपतो, तेलाखाली उघडा पडतो, एवढं साधं कारण. घरातलं पोर बोलायला लागण्याआधी हे शिकतं.

आणि ही शिडी मीच रंगवली होती, असं दादा पाच मिनिटांपूर्वी म्हणाला होता.

*

कोण काय समजून आलं होतं, ते आधी सांगायला हवं.

आई समजली होती, की आज अप्पा शिक्का सोपवणार. शिक्का म्हणजे लोखंडी ठसा. तापवून शिडीच्या खालच्या टोकाला उमटवतात, की मग ती शिडी या घराची. अप्पांचे हात वर्षभर थरथरत होते, ठसा दोनदा उमटायला लागला होता. तेव्हा शिक्का थोरल्याकडे जाणार यात आईला नवल नव्हतं. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती.

अप्पाही तेच समजून आले होते. स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, कबुलीचं आधीच ठाऊक होतं. ती फळीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

ताईचा नवरा, ज्याला सगळे अजून लाइनमन म्हणत, कारखान्यातल्या एकुलत्या एका गादीच्या खुर्चीत बसला होता. गुडघ्यांच्या मध्ये काठी. विजेच्या खांबांवर चढणारा तो माणूस याच शिडीवरून पडला, खुबा मोडला, आणि तेव्हापासून वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोन उचलत होता.

आणि दारात धाकटा. शिक्का सोपवायचा दिवस आहे, ये, असं ताईनं फोन करून बोलावलं म्हणून आला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्याच्या बाहेर उभा, चपला पायात, म्हणजे पटकन निघता येईल. शिडी रंगवल्याचा आळ त्याच्यावर आला होता. त्याची सायकल त्याच हिरव्या रंगाची, डबाही त्याच्याच बाकाखाली सापडला. त्या महिन्यात दोघं भाऊ आपापली पहिली लांब शिडी शेजारीशेजारी करत होते. एक शिडी कोसळली, एक उरली. उरलेली माझी, असं दोघंही म्हणाले. अप्पांनी सायकलीचा रंग बघितला आणि विश्वास थोरल्यावर ठेवला. उरलेल्या शिडीवर थोरल्याचं काम म्हणून शिक्का उमटला. धाकटा कबूल होईना, तेव्हा त्याला कारखान्यातून जावं लागलं. हल्ली तो दुसऱ्याच्या कारखान्यात पलंग करत होता.

*

आता करवतीचा नियम.

शिडी चुकली, तर जो चुकला त्यानंच ती सगळ्यांसमोर कापायची. आधी चूक कुठे आहे तिथं बोट ठेवायचं, काय चुकलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मग करवत. तुकडे झाले की विषय संपला. त्यानंतर त्या चुकीबद्दल घरातल्या कुणी कधी ब्रसुद्धा काढायचा नाही, टोमणा मारायचा नाही, थट्टाही करायची नाही. एकट्यानं, चोरून कापायची नाही. आणि कापायची की नाही हे ज्याची शिडी त्यानं ठरवायचं, दुसऱ्यानं हुकूम सोडायचा नाही.

नियम चांगला होता. त्यामुळे या घरात चुका लपत नसत. पण आजवर तो लाकडासाठी वापरला गेला होता. माणसाच्या खुब्यासाठी कधी नाही.

कापली की संपलं. ताईला तेच टोचत होतं. कुणाचं संपलं?

*

दादा काय म्हणाला:

“अप्पा, रंग मी दिला. डबा धाकट्याच्या बाकाखाली मीच सरकवला. पडल्यावर शिडी लाइनमनच्या मित्रांनी जाळली असं सांगितलं, तेही खोटं. मीच ती माळ्यावर लांब लाकडांच्या मागे टाकली. मला पश्चात्ताप झालाय.”

पश्चात्ताप. हा शब्द या घरात कुणी बोलताना वापरत नसे. ‘चुकलं’ म्हणत, ‘जिवाला लागलंय’ म्हणत. आईनं तो शब्द वर्तमानपत्राचा कागद उचलावा तसा उचलून बघितला आणि लगेच खाली ठेवला. मग पदर डोळ्यांना लावला. झालं गेलं, म्हणाली, लेकरानं आपणहून सांगितलं यातच सगळं आलं. तिनं बाजू बदलायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. बाजू बदललीच नाही म्हणा. धाकट्याला दोष देतानाही ती थोरल्याची होती, आताही थोरल्याचीच.

दादानं भिंतीवरची करवत काढली.

“थांब,” ताई म्हणाली.

*

ताईच्या डोक्यात त्या वेळी काय होतं, ते जसंच्या तसं:

एकोणीस वर्षं. आणि आजच?

शिक्का आज. कबुली आज.

कबूल करणाऱ्या माणसाला अप्पा नेहमी जवळ करतात. ते दादाला माहीत आहे.

कापल्यावर कुणी बोलायचं नाही. ते तर त्याला फारच चांगलं माहीत आहे.

बोलताना तो शिडीकडे बघत होता, मग अप्पांकडे. दारात बघितलं नाही. एकदाही नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मग माझ्या मनात का पडलंय?

*

तिनं मोठ्यानं एवढंच विचारलं, की दादा, आजच कसं काय सुचलं. दादा म्हणाला, मध्यंतरी छातीत दुखलं, डॉक्टरांनी नळ्या लावल्या, तिथं पडल्या पडल्या माणूस विचार करतो. आईनं मान हलवली. अप्पांनीही हलवली, किंवा ती थरथर होती.

तेवढ्यात फळीपाशी वहिनीनं घडी सोडली. ती दादाच्या विरुद्ध चारचौघांत कधी बोललेली नव्हती. आणि ताईशी तिचं सख्य म्हणजे ठेवलेल्या ताकासारखं. हलवलं तर वर यायचं, नाही तर खाली. आज मात्र ती ताईकडे बघून बोलली.

“नळ्या लागून सात महिने झाले, ताई. शिडी यांनी नाही काढली माळ्यावरून. मी काढली. गेल्या मंगळवारी, छत गळतंय का बघायला गेले तेव्हा. मी विचारलं, ही कोणती? तेव्हा यांना घाम फुटला. सोमवारपर्यंत पश्चात्ताप नव्हता.”

घड्याळानं तेवढ्यात आपलं काम करून घेतलं.

“तू माझी बायको आहेस,” दादा म्हणाला.

“म्हणून तर सांगतेय. घरी तुम्ही मला विचारलंत, कुणाला सांगणार तर नाहीस ना. दुसरं काही विचारलं नाहीत.”

आईनं सुनेला झापलं, की नवऱ्याचं झाकायचं सोडून वेशीवर टांगतेस. वहिनी म्हणाली, झाकायला रंग होताच की, माझी काय गरज.

लाइनमनला हसू आवरलं नाही. मग खाकरून तो म्हणाला, की आपण तर दिवसातून चाळीसदा फोनवर म्हणतो, गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. “त्यानं तुटलेली तार जोडली जात नाही. पण समोरचा फोन ठेवतो. तेवढ्यासाठीच असतं ते.”

ताईला वाटलं, झालं, सापडला. आपल्याला जे वाटत होतं ते खरं निघालं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची जराशी लाजही वाटली.

*

मग दारातून धाकटा बोलला. आल्यापासूनचं त्याचं पहिलं वाक्य.

“जाळली का नाहीस?”

दादानं तेव्हा पहिल्यांदा दाराकडे बघितलं.

“एकोणीस वर्षं होती तुझ्याजवळ,” धाकटा म्हणाला. “इथं रोज शेगडी पेटते. रोज भुसा जळतो. रोज एक तुकडा टाकला असतास तरी पंधरवड्यात संपली असती. कुणाच्या बापाला कळलं नसतं.”

“एकट्यानं कापायची नसते,” दादा म्हणाला.

इतकं साधं बोलला, की ताईला त्यात पकडायला काही मिळेना. माणूस खोटं बोलला, भावावर आळ घातला, बहिणीच्या नवऱ्याचा खुबा मोडला तरी तोंड उघडलं नाही. आणि चोरून कापायची नाही हा नियम मात्र त्यानं मोडला नाही. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर तो हसेल. पण या घरातलं माणूस असंच चुकतं. मुद्देमाल आपल्याच छताखाली जपून ठेवतं, कारण तो नष्ट करायची रीत चारचौघांतली आहे.

म्हणजे मग काय? एकोणीस वर्षं माळ्यावर होता तो पश्चात्ताप? की माळ्यावर फक्त शिडी होती, आणि पश्चात्ताप मंगळवारचाच?

अप्पा आता म्हणाले, की पोरानं सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं, आता रीतीनं होऊ दे. आईनं लगेच दुजोरा दिला. धाकट्यानं खांदे उडवले. त्याला बहुतेक एवढंच हवं होतं, की आपण नव्हतो हे कुणीतरी म्हणावं, आणि आता बस पकडावी. वहिनीनं पुन्हा हाताची घडी घातली. म्हणजे ताई एकटी पडली.

“रीतीनंच होऊ दे,” ती म्हणाली. “रीत अशी, की आधी चुकीवर बोट ठेवायचं. ठेव, दादा.”

दादानं हिरव्या दांड्यावर तळहात ठेवला. “ही काय. रंग. घाईत दिला, एका सजावटवाल्याला नुसती दुकानाच्या काचेमागे उभी करायला हवी होती म्हणून. रविवारी लाइनमन आले आणि दुसरी नव्हती म्हणून हीच घेऊन गेले. रंगाखाली तडा असेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. तीच चूक.”

“तडा दिसला नव्हता तुला.”

“रंगाखाली कसा दिसेल, तायडे?”

“रंगाआधी?”

*

लग्नाआधी सात वर्षं या कारखान्यात तेलाचा हात ताईचाच होता. शिक्का मुलींकडे जात नसे, पण तेल जाई. आणि तेल देणाऱ्याला लाकूड जेवढं कळतं तेवढं रंधा मारणाऱ्यालाही कळत नाही. जवसाचं तेल फडक्यानं चोळलं, की अख्खं लाकूड मधासारखं होतं, आणि तडा असेल तिथं तेल आत उतरून काळी रेघ उमटते. पण तोच तडा कुणी सरसात भुसा कालवून बुजवला असेल, तर तिथं उलट होतं. सरस तेल पीत नाही. सगळं लाकूड काळवंडतं आणि बुजवलेली जागा कोडासारखी पांढरी राहते.

तिनं फळीवरून पत्र्याची खरवडणी घेतली. फाटलेल्या जागेपासून खाली, दहाव्या पायरीच्या बाजूला, दांडा अजून सलग होता. तिथं तिनं रंग खरवडायला घेतला. हिरव्या सालपटांचा ढीग पडत गेला. कुणी तिला थांबवलं नाही.

वीतभर लाकूड उघडं झालं. तिनं तेलाच्या डब्यात फडकं बुडवलं, चोळलं, आणि बाजूला झाली.

वेळ लागतो त्याला. सातही माणसं वीतभर लाकडाकडे बघत राहिली. अप्पांनी मांड्यांखालून हात काढले, स्टुलावरून उठले आणि वाकले. लाकूड हळूहळू गडद होत गेलं. सगळं झालं. फक्त मधोमध करंगळीच्या रुंदीची एक पांढुरकी पट्टी राहिली, नीट, सरळ, फाटलेल्या जागेकडे गेलेली.

सुबक काम होतं. भुसा बारीक चाळून घेतलेला. घाईत केलेलं नव्हतं ते.

“हे कुणी भरलं?” अप्पांनी विचारलं. उत्तर त्यांना दिसत होतंच. त्यांच्या घरात इतका बारीक भुसा चाळायची सवय एकाच माणसाला होती.

*

दादा काय म्हणाला नाही:

तो हे म्हणाला नाही की आठवत नाही. तो हे म्हणाला नाही की तायडे, तुझा पहिल्यापासून माझ्यावर दात. छातीत दुखतंय असंही म्हणाला नाही, आणि आई त्याच्या छातीकडेच बघत होती.

“माहीत होतं,” तो म्हणाला.

मग हळूहळू बाकीचं आलं. पहिली लांब शिडी करवतीखाली गेली तर आपल्या कामावर शिक्का उमटायला आणखी एक वर्ष थांबावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पंधरा दिवस काम केल्यावर तडा दिसला. शेजारी धाकट्याची शिडी निर्दोष उतरत होती, धाकट्याची, वयानं सहा वर्षांनी लहान असलेल्याची. त्यानं तडा बुजवला. तेल दिलं तर पट्टी दिसेल म्हणून रंग दिला. सजावटवाला होताच असं नाही, सोमवारी शोधणार होता.

“म्हणजे मघाशी तुम्ही अर्ध्याचाच पश्चात्ताप केला,” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात आता धार नव्हती. तिलाही हे अर्धं नवीन होतं.

आईनं डोळ्यांवरचा पदर काढला. तिला कुणाची बाजू घ्यावी हे कळत नव्हतं, आणि तिचा चेहरा त्या न कळण्यानं म्हाताऱ्या बाईचा झाला.

धाकटा उंबऱ्यावर होता. आत नाही, बाहेर नाही. “शिडी बरी होती माझी?” त्यानं विचारलं. एवढंच.

“चांगली होती,” दादा म्हणाला. “अजून फळबागेत आहे. मी दर वर्षी बघून येतो.”

आता अप्पा म्हणाले, की सगळं तोंडातून आलं, बोटही ठेवून झालं. हवी तर काप. त्यांचा आवाज नियमाचा होता, माया त्यात नव्हती.

दादानं करवत उचलली. ती पहिल्या पायरीजवळ टेकवली, आणि टेकवलेलीच राहिली. त्यानं मान वळवून गादीच्या खुर्चीकडे बघितलं.

“जावईबापू,” तो म्हणाला, “कापू का?”

एकोणीस वर्षांत त्या शिडीबद्दल या माणसाला कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. ताईला ते लक्षात आलं, आणि हेही लक्षात आलं, की आपणही विचारलं नव्हतं. आल्यापासून ती त्याच्याच खुब्यासाठी भांडत होती, त्याला बाजूला बसवून.

लाइनमन काठी फिरवत राहिला.

“कापल्यावर बोलता येणार नाही ना? मग आधी एक विचारून घेतो,” तो म्हणाला. “त्या सकाळी मी शिडी खांद्यावर टाकून निघालो, तेव्हा तुम्ही मागून फाटकापर्यंत धावत आला होतात. एका पायात चप्पल नव्हती. मी लोकांना सांगत असतो, आमचे मेव्हणे असे, सुट्टीच्या दिवशी एक चप्पल टाकून निरोप द्यायला आले. दवाखान्यातसुद्धा सगळ्यांना तेच सांगितलं. कशाला आला होतात?”

“थांबवायला.”

“मग?”

दादाच्या हातातली करवत शिडीवर किंचित वाजली.

“तुम्ही वळून हात केलात,” तो म्हणाला. “मग मीही केला.”

ताईनं या वाक्यात डाव शोधला. आज दुपारभर तिनं प्रत्येक वाक्यात शोधला होता, आणि बहुतेकांत सापडला होता. याला तिनं पुढून बघितलं, मागून बघितलं, खरवडून बघितलं. असलं काही माणूस फायद्यासाठी सांगत नाही. असलं सांगून उरतं काय त्याच्याजवळ?

लाइनमननं काठी आडवी करून मांडीवर घेतली. मग म्हणाला, “आता ती गोष्ट मला लोकांना सांगता यायची नाही.” आणि काठीकडे बघत राहिला.

दादानं करवत नेऊन भिंतीवर लावली. सावकाश, दात आतल्या बाजूला करून, लावायची असते तशी.

“राहू दे,” तो म्हणाला. “ज्याला जेव्हा बोलायचं त्यानं बोलावं.”

आई म्हणाली, अरे, पण मग हे कधी संपायचं. शिक्का बाकावर पडून होता, त्याला त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

दादानं शिडीचं एक टोक धरलं. टोकाला धरून सोळा पायऱ्यांची शिडी एका माणसाला उचलत नाही. तो वाकून तसाच थांबला. हाक मारली नाही त्यानं कुणाला, मारली असती तर बहुधा कुणी गेलंही नसतं. धाकटा उंबऱ्यावरून आत आला, चपलांसकट, आणि त्यानं दुसरं टोक उचललं. भावाकडे न बघता, ताईकडे बघून.

“कुठं ठेवायची?”

“दाराशी,” ताई म्हणाली. “जातायेता अंगाला लागेल अशी.”